आधी शेंडे

हॉस्पिटलात तिला मॅडम म्हणत आणि घरी आत्या. मॅडम म्हटलं की ती ताठ व्हायची आणि आत्या म्हटलं की विरघळायची, तेव्हा आपण तिला आत्याच म्हणू. तिचं काम छातीचे एक्स-रे वाचण्याचं. छातीच्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रे काढायच्या खोलीला लागून, बिनखिडकीची एक खोली होती. स्क्रीन नीट दिसावी म्हणून दिवा मंद, यंत्रं तापू नयेत म्हणून एसी, आणि एसीची हवा वाया जाऊ नये म्हणून दार कायम लोटलेलं. त्या खोलीत बसून आत्याने अर्ध्या शहराच्या छात्या पाहिल्या होत्या. रस्त्यात त्यातलं कोणी समोर आलं असतं तर मात्र तिने ओळखलं नसतं.

कामाचे तिचे दोन नियम होते आणि ते ती शिकाऊ डॉक्टरांच्या डोक्यात हातोडीने ठोकायची. पहिला नियम, आधी शेंडे. म्हणजे कॉलरबोनच्या मागे फुप्फुसांची जी वरची टोकं असतात, ती आधी बघायची. मोठ्या माणसाचा टीबी बहुतेक वेळा तिथेच बिऱ्हाड करतो, तिथेच भोक पाडतो. दुसरा नियम, नाव नंतर. स्क्रीनच्या ज्या कोपऱ्यात पेशंटचं नाव यायचं तिथे तिने पुठ्ठ्याची पट्टी लावली होती. फोटो वाचून, मत सांगून झालं की मगच पट्टी वर. "नाव वाचलं की डोळा लाचार होतो," असं तिचं म्हणणं. ओळखीचा माणूस असला की असलेलं दिसेनासं होतं, नावडता असला की नसलेलं दिसू लागतं. यात तथ्य होतं, नाही असं नाही. पण आपल्या नियमांवर आत्याचं अंमळ जास्तच प्रेम होतं, हे आधीच सांगून ठेवायला हवं.

दुसरं प्रेम भिंगरीवर. भिंगरी म्हणजे दादाची मुलगी, पहिलीत होती. एका जागी बसली तर शपथ, म्हणून भिंगरी. शनिवारी शाळा लवकर सुटायची, दादा-वहिनी दोघंही कामावर, भिंगरीला सांभाळणाऱ्या मावशी शनिवारी दुपारी घरी जायच्या, वहिनीच्या वडिलांना म्हणजे आजोबांना तिच्यामागे धावणं झेपायचं नाही. मग शनिवारची दुपार आत्याच्या खोलीत. मांडीवर बसून भिंगरी फोटो बघायची आणि आत्या फोटोत लपलेलं काय काय शोधायची.

"आत्या, कायम तुझ्यावरच राज्य का गं?" तिने एकदा विचारलं.

"बाकीचे सगळे लपून बसतात ना, म्हणून."

"मग सापडल्यावर त्याच्यावर राज्य येतं?"

"सापडला की त्याला गोळ्या. चल, पुढचा बघू."

आत्याची नक्कल करावी तर भिंगरीनेच. मत सांगायच्या आधी आत्याला घसा खाकरायची सवय होती. हं-हं करायचं, मग माइकमध्ये बोलायचं, मग म्हणायचं, "पुढचा!" गेलं वर्षभर हे हं-हं जरा वाढलं होतं. एसीमुळे, असं आत्या सांगायची. भिंगरी हनुवटी छातीला लावून भारदस्त आवाजात "हं-हं, पुढचा!" म्हणाली की शेजारच्या खोलीतला श्वासोबा खुर्चीवरून पडेपर्यंत हसायचा. श्वासोबा म्हणजे एक्स-रे काढणारा तंत्रज्ञ. दिवसभर "श्वास घ्या, धरा, सोडा" म्हणून म्हणून त्याचं खरं नाव सगळे विसरून गेले होते, बहुधा तोही.

थंडी संपता संपता भिंगरीला खोकला लागला आणि तो जाईना. घराजवळच्या डॉक्टरांनी दमा म्हणून पंप दिला. तरी जाईना, तेव्हा गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला. भिंगरी रडत होती, हलत होती, फोटो तिरका आला. दादाने तो खिडकीच्या काचेला लावून मोबाइलवर टिपला आणि बहिणीला पाठवला.

आत्या तेव्हा कामाच्या ढिगाऱ्यात बसली होती. दोन फोटोंच्या मधल्या फटीत तिने मोबाइल उघडला, बोटांनी चित्र मोठं केलं, सवयीने वर गेली. उजवा शेंडा स्वच्छ. डावा स्वच्छ. भोक नाही, डाग नाही. तिने दादाला कळवलं, "काही नाही. शाळा बुडवायची नाटकं आहेत. लाड कमी करा." आणि म्हणाली, "पुढचा!"

घर निर्धास्त झालं. का होऊ नये? अख्ख्या शहराची छाती वाचणारी घरातलीच. त्या रविवारी जेवताना वहिनी म्हणाली, "अगं, तू म्हणालीस आणि माझ्या जिवाचा घोर मिटला बघ. आणि तू बारीक कशी काय झालीस? आम्हालाही सांग की." आत्या खूश झाली. दादा म्हणाला, "बारीक कसली, लहानपणी सायकलच्या कॅरिअरवर बसली तर पुढचं चाक उचलायचं." यावर आत्या म्हणाली की चाक उचललं नव्हतं, त्यानेच तिला गटाराच्या कडेला पाडलं होतं, आणि ब्लाउजची कड सारून तिने कॉलरबोनवरचं टेंगूळ शंभराव्यांदा सगळ्यांना दाखवलं. हाड वेडंवाकडं जुळलं होतं. भिंगरीने टेंगळावर बोट फिरवलं. मग खोकली आणि आत्याच्याच मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली.

पडून राहिली! भिंगरी! पण जेवणाच्या गप्पांत ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

पुढे काही आठवडे असेच गेले. एका शनिवारी भिंगरी मांडीवर होती. तिने हनुवटी छातीला लावली, "हं-हं" केलं, आणि ते हं-हं थांबेना. त्याचा खोकला झाला, खोकल्याने ती वाकली, डोळ्यांत पाणी आलं. आत्याने पाठीवरून हात फिरवला तर हाताला बरगड्या लागल्या. तिने पाठीला कान लावला. उजवीकडे बारीक शीळ वाजत होती. डावीकडे शीळ नव्हती. दमा असा एकाच बाजूने वाजत नाही.

"श्वासोबा, हिचा फोटो काढायचा. समोरून आणि बाजूनेही. आत्ता."

श्वासोबाने भिंगरीला फुगा फुगवायला सांगितला, म्हणजे छाती आपसूक भरून येते. ती रडली नाही, हलली नाही. पूर्वी हलू नकोस म्हणून हातापाया पडावं लागायचं. आज ती आपणहून पुतळ्यासारखी उभी राहिली, आणि आत्याला तेच बघवेना.

फोटो स्क्रीनवर आला. आत्याचे डोळे सवयीने वर गेले. शेंडे स्वच्छ. आणि सांगायला लाज वाटते, पण क्षणभर तिच्या जिभेवर तोच शब्द आला. काही नाही. मग तिने डोळ्यांना धरून खाली आणलं. हृदयाच्या उजव्या अंगाला, जिथे श्वासनळ्या फुप्फुसात शिरतात त्या मुळाशी, एक फुगवटा होता. बाजूने काढलेल्या फोटोत तो आणखी स्वच्छ दिसला, बटाटे भरलेल्या पिशवीसारखा. सुजलेल्या गाठी. त्यांनी उजवी नळी बाहेरून दाबून धरली होती. हवा आत शिरत होती पण पुरती बाहेर पडत नव्हती, म्हणून उजवं फुप्फुस डाव्याहून काळं दिसत होतं. शीळ तिथूनच येत होती.

मोठ्यांचा टीबी शेंड्याला बसतो, पोरांचा मुळाशी, गाठींत. पोरांच्या फुप्फुसात कित्येकदा काहीसुद्धा दिसत नाही. आत्याला हे ठाऊक नव्हतं का? परीक्षेत तिने यावर पानं भरली होती. पण पुढे सगळी हयात मोठ्यांच्या छात्यांत गेली आणि डोळ्याला एकच वाट पडली. यात पट्टीला दोष देण्याचीही सोय नव्हती. भिंगरीचं वय तिला पाठ होतं, तिचा दात कोणत्या दिवशी पडला तेही.

तिने मोबाइल काढून तो जुना फोटो उघडला. तिरका, धुरकट, रडक्या पोरीचा. फुगवटा त्यातही होता. लहान होता, पण होता. आत्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

मुलांची डॉक्टर तिच्याच वर्गातली मैत्रीण, फटकळ. मुलांना बेडका थुंकता येत नाही, ती गिळून टाकतात, म्हणून तिने सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून भिंगरीच्या पोटातलं पाणी काढून तपासायला पाठवलं. नळी जाताना भिंगरीने आत्याचा अंगठा इतका घट्ट धरला की नखांचे वळ उठले. टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या.

"पहिला फोटो तू पाहिला होतास ना?" मैत्रिणीने विचारलं.

"पाहिला होता."

"मग?"

"शेंडे पाहिले."

मैत्रिणीने भिंगरीचा कागद पुढे ओढला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "ते राहू दे. पोरगी बरी होईल, पोरं लवकर सावरतात. आता मुद्द्याचं ऐक. पोरीकडून हा दुसऱ्याला सहसा जात नाही. पण पोरीला आला कुठून? कोणीतरी मोठं माणूस खोकतंय. बंद जागेत, वरचेवर, तिच्या अगदी जवळ बसून. तो माणूस सापडल्याशिवाय माझं औषध अर्धंच आहे. इकडे मी बरी करणार, तिकडे तो पुन्हा खोकणार. शोध."

शोध म्हणायचा अवकाश. आत्याच्या पायाला चाकं लागली. तिला जेवण गोड लागेना, एका जागी बसवेना, घसा खाकरत ती सकाळ-संध्याकाळ दादाच्या घरी खेपा घालू लागली. शाळेच्या व्हॅनवाल्याला तिने भर रस्त्यात थांबवून खोकून दाखवायला सांगितलं. बिचारा खोकला, पण कोरडा आणि घाबरून. भिंगरीच्या वर्गशिक्षिकेला गाठून तिने इतक्या चौकशा केल्या की बाईंना वाटलं, नोकरीवर गदा आली.

पण मनातून तिने माणूस केव्हाच ठरवला होता. आजोबा. सकाळी उठल्या उठल्या ते असे खोकायचे की शेजारची मांजरं पळायची. आयुष्यभर विड्या ओढलेल्या. भिंगरी त्यांच्या कुशीत बसून गोष्टी ऐकायची. आत्या त्यांना काका म्हणायची.

"काकांना काही दिवस व्हरांड्यात बसू दे," तिने वहिनीला सांगितलं. "झोपायची खोली वेगळी. भिंगरी त्यांच्याजवळ जाणार नाही."

वहिनी एरवी तिला अगं-तुगं करायची. रागावली की तिच्या तोंडी 'वन्सं' यायचं. "वन्सं, माझे वडील वर्षानुवर्षं तसेच खोकतात. तुम्हीच मागे म्हणाला होतात, विडीचा खोकला आहे."

"मागे मी बरंच काही म्हणाले होते."

आजोबा उठले आणि आपली वेताची खुर्ची स्वतःच उचलून व्हरांड्यात घेऊन गेले. त्यानंतर गोष्टी खिडकीच्या गजांतून चालू झाल्या. आजोबा बाहेरून ओरडून राक्षसाचा आवाज काढत आणि आतून भिंगरी हसायच्या ऐवजी खोकायची. वहिनी स्वयंपाकघरात भांडी आपटायची. दादा मधल्या मध्ये पेपर वाचल्यासारखं करायचा, पान न उलटता.

"सगळ्यांचे फोटो काढ," मैत्रीण म्हणाली. "अंदाजाने माणसं बाहेर कसली बसवतेस? त्या घरातले, घरात येणारे, सगळे. तुझाही."

"माझा? मी तिथे राहत नाही."

"मुकाट्याने काढ."

हॉस्पिटलच्या लोकांनी दरवर्षी आपला फोटो काढायचा असा नियम होता. आत्या वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या मागे लागून तो काढून घ्यायची. स्वतःचा तेवढा उद्यावर. उद्या, उद्या करत किती वर्षं गेली ते तिला आठवतही नव्हतं.

शनिवारी दुपारी सगळे आले. दादा, वहिनी, आजोबा आणि मावशी. भिंगरी शेजारणीकडे होती. मावशी धुवट साडी नेसून, पिशवी पोटाशी धरून आल्या होत्या. आजोबांनी शर्ट काढताना श्वासोबाला सांगितलं, "फोटो चांगला काढ हो, नंतर भिंतीला लावायला उपयोगी पडेल." श्वासोबा हसला, वहिनी हसली नाही.

शेवटी आत्या. "मॅडम, आज तुम्ही या बाजूला," श्वासोबा म्हणाला. "हनुवटी वर. खांदे पुढे. श्वास घ्या. धरा."

आत्याला खोकला आला.

"धरा म्हटलं की धरायचं असतं, मॅडम. लहान मुलांना जमतं."

"काढ रे परत. एसीने वाट लावली आहे घशाची."

दादा, वहिनी आणि आजोबा भिंगरीसाठी लगोलग घरी गेले. मावशी मात्र बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. काय निघतं ते कळल्याशिवाय त्यांचा पाय निघेना.

आत्या आपल्या खोलीत शिरली, दार लोटलं, पट्टी खाली केली. फोटो आल्या क्रमाने नव्हे, मिसळून लावायला तिने श्वासोबाला बजावलं होतं.

पहिला फोटो म्हाताऱ्या माणसाचा. नाव झाकून काय उपयोग, फुप्फुसं फुग्यासारखी फुगलेली, खालचा पडदा सपाट झालेला, हाडं विरळ. विडीने केलेला सगळा पराक्रम दिसत होता. पण टीबी नव्हता. शेंडे स्वच्छ, मूळ स्वच्छ. आत्याने दोनदा पाहिलं, तीनदा पाहिलं. तिला आनंद व्हायला हवा होता. झाली ती निराशाच, आणि तिची तिला लाज वाटली.

दुसरा पुरुषाचा, धडधाकट. दादा. काही नाही. तिसरा बाईचा, काही नाही. चौथाही बाईचा.

डोळे वर गेले आणि तिथेच चिकटले. उजवा शेंडा पांढुरका झाला होता आणि त्या पांढरेपणात, कॉलरबोनच्या मागे, जाड कडेचं एक काळं भोक होतं. शिकाऊ पोरांना दाखवावं असं. पुस्तकात छापावं असं.

"सापडला!" ती मोठ्याने म्हणाली. इतक्या दिवसांनी तिच्या छातीतला दगड हलला. बाई आहे. बारीक अंगाची. वहिनी तर अशी नाही, वहिनी अंगाने भरलेली, तिचा मघाचाच असणार. म्हणजे मावशी. दिवसभर पोरगी त्यांच्या कडेवर! आत्याला हायसं वाटलं. घरचं कोणी नव्हतं. वहिनीला तोंड दाखवता येईल, काकांची खुर्ची आत नेता येईल. मावशींचंही ती सगळं करणार होती, औषधं, तपासण्या, महिनाभर घरी बसायला लागलं तरी पगार चालू. मनातल्या मनात ती मावशींवर उपकारही करून मोकळी झाली. तिने माइक पुढे ओढला.

"हं-हं. उजव्या शेंड्याला जाड कडेचं भोक, भोवती डाग. टीबी, पसरणारा. पेशंटला आजच बोलावून घ्या. घरात लहान मूल असेल तर तातडीने..."

बोलता बोलता तिची नजर भोकावरून गेलेल्या हाडावर पडली. कॉलरबोन. मधोमध जाड झालेलं, वेडंवाकडं जुळलेलं. टेंगूळ.

आत्याचा हात आपोआप उजव्या खांद्याशी गेला. बोटांना तेच टेंगूळ लागलं.

माइक चालूच होता. एसी गुरगुरत होता. आत्याने खोलीकडे पाहिलं. बिनखिडकीची. दार लोटलेलं. हीच खुर्ची, हीच मांडी. शनिवारमागून शनिवार. बंद जागेत, वरचेवर, अगदी जवळ बसून. हं-हं, पुढचा. मैत्रिणीने सांगितलेल्या माणसाचं वर्णन इतकं तंतोतंत होतं की व्हॅनवाल्यालासुद्धा ओळखता आलं असतं. पट्टी वर करायची गरज नव्हती. तरी नियम म्हणून तिने ती वर केली आणि आपलं नाव वाचलं.

मग तिने राहिलेला पाचवा फोटो पाहिला. तो स्वच्छ होता. ती उठली, दार सताड उघडलं आणि मिटू नये म्हणून त्याला खुर्ची लावली. तोंडावर मास्क चढवला.

"श्वासोबा, तुझाही फोटो काढायचा. आज, आत्ता. शिकाऊ पोरांनाही बोलाव."

श्वासोबाला फोटो लावतानाच सगळं दिसलं होतं. तो मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, नाव आधी सांगायचं नाही, असं तुमचंच..."

"बरोबर केलंस," आत्या म्हणाली.

बाहेर बाकावरून मावशी धडपडत उठल्या. "बाई, माझं काही निघालं का हो? खरं सांगा. पोरीला माझ्यामुळे झालं असेल तर मी तोंड नाही दाखवायची."

आत्याला लांबूनच बोलावं लागलं. "मावशी, तुमचं अगदी स्वच्छ आहे. तुमच्यामुळे काही झालं नाही." तिने मास्क नाकावर दाबला. "तुमच्यामुळे काहीच झालं नाही."

मावशींनी डोळे पुसले, ऊन नसतानाही पदर डोक्यावर घेतला आणि घरी गेल्या.

तपासायला बेडका देऊन आत्या दादाच्या घरी निघाली. बसने जायचं नाही, हे आज तिचं तिलाच सांगावं लागलं. ती चालत गेली, भराभर, मध्येच रस्त्याच्या कडेला थांबून मास्कमध्ये खोकत. फोनवर सांगून टाकता आलं असतं. पण एकदा मोबाइलवरून मत कळवून काय झालं ते तिने पाहिलं होतं.

दादाने दार उघडलं. "आत ये की."

"नाही. वहिनीला बाहेर बोलाव. काकांना पण."

व्हरांड्याच्या पायरीवर उभं राहून तिने सांगितलं. एका दमात, रिपोर्ट सांगतात तसं. कोणाचा फोटो, कुठला शेंडा, पोरीला कुठे आणि कसं झालं. पहिला फोटो चुकीचा वाचला, तेही पुन्हा सांगितलं.

दादा म्हणाला, "तुझाच कशावरून? अदलाबदल झाली असेल."

"टेंगूळ आहे, दादा. तू पाडलंस म्हणून तर ओळखू आलं."

तो कठड्यावर बसला आणि तोंडावर हात ठेवून रडू लागला. सायकल पडली होती त्या दिवसानंतर आत्याने त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

वहिनी रडली नाही. "वन्सं, माझे वडील इतके दिवस इथे उन्हावाऱ्यात बसले," ती म्हणाली. "आणि पोर दर शनिवारी तुमच्याकडे." एवढंच बोलून ती आत गेली. आत्याने मान हलवली. तिला वाटलं, वहिनीने आणखी बोलावं, तोंडाला येईल ते बोलावं, पण आतून भांड्यांचासुद्धा आवाज आला नाही.

"काका, तुमची खुर्ची आत न्या," आत्या म्हणाली. "तुम्ही आत बसा आता. माझं चुकलं."

आजोबा खुर्चीकडे गेले. त्यांनी ती उचलली, पण आत नेली नाही. आत्याच्या समोर, चार हात लांब ठेवली. "बस. चालत आलीस ना? घामाघूम झाली आहेस." आणि स्वतः व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला स्टूल ओढून बसले. "इथे हवा चांगली असते. मला आता सवय झाली आहे."

आत्या बसली. खुर्चीच्या वेताला म्हातारपणाचा, विडीचा वास होता. तिच्या लक्षात आलं, इथून हॉल पुरता दिसत नाही. भिंगरीची गादी दिसते, तीही अर्धी. इतके दिवस काका एवढंच बघत होते.

खिडकीत भिंगरी आली. गोळ्यांनी तिच्या गालांवर जरा रंग चढला होता. गजांना धरून ती वर चढली, एक पाय खिडकीत, एक हवेत. आत्या झटकन खुर्ची मागे सरकवून उठली आणि व्हरांड्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

"आत्या, आत ये ना."

"आत नाही यायचं मला. थोडे दिवस."

"आजोबांसारखं?"

"आजोबांचं काही नव्हतं गं. मी चुकून त्यांना बाहेर बसवलं."

भिंगरीने याचा विचार केला. "मग तो खोकणारा सापडला का?"

"सापडला."

"कोण?"

आजोबांनी मान दुसरीकडे वळवली. दादाने कठड्यावरून वर पाहिलं. आत्याला घसा खाकरावासा वाटला. तिने ते हं-हं तसंच गिळलं.

"मी," ती म्हणाली.

भिंगरीने हवेतला पाय खिडकीत घेतला. आता ही काय म्हणेल, याची आत्याला भीती वाटली. दादा-वहिनीला सांगताना असं झालं नव्हतं.

"पण तुझ्यावर राज्य होतं ना?" भिंगरी म्हणाली. "ज्याच्यावर राज्य, तोच कसा सापडेल? मग ते राज्य बाद. परत तुझ्यावरच."

"बरं. परत माझ्यावर."

"आता तूपण गोळ्या खा. लाल गोळीने शू पण लाल होते, घाबरू नको. आणि बरी झालीस की शोधायला ये. मी लपते. बघायचं नाही हं, तोंड फिरव."

खिडकीतून तिचा पाय दिसेनासा झाला. आतून धावल्याचा आवाज आला, काहीतरी पडल्याचा, आणि मग वहिनीचा, "अगं, हळू!" कितीतरी दिवसांनी त्या घरात कोणी धावलं होतं.

आत्याने रस्त्याकडे तोंड फिरवलं, डोळे मिटले आणि मास्कच्या आत आकडे मोजायला सुरुवात केली.